आण्णांनी घेतलेला इंटरव्ह्यू

मला शिकवणार कोण, हा माझा पहिला प्रश्न होता. राजारामपुरीत आठव्या गल्लीत अकरा वर्षं मी पोरांना परदेशी पाठवायचं ऑफिस चालवतोय. वकिलीची सनद आहे, काळा कोटही आहे. तो कोट शेवटचा कधी घातला ते दारामागच्या खुंटीला विचारा. पाटीवर ‘ॲड. उदयसिंह’, त्याखाली ‘व्हिसा व परदेशी शिक्षण’. आणि अशा माणसाला एका सकाळी ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची मेल येते की दोन दिवसांचं प्रशिक्षण करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आमच्या विद्यापीठाकडं फायली पाठवू नका.

मी मेल प्रियदर्शनीला दाखवली. प्रियदर्शनी माझ्या ऑफिसात फायली बघते. खरं म्हणजे ऑफिस ती चालवते आणि मी नुसता बोलतो.

“जावा की दादा,” ती म्हणाली. “दोन दिवस जेवण फुकट हाय.”

“फी भरायची आहे. फुकट कसलं?”

“मग तर जायलाच पायजे.”

आमच्या धंद्यात शिकून कोणी आलेलं नसतं, हे एकदा स्पष्ट सांगून टाकतो. गवंडी पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली विटा उचलतो, तेव्हा कुठं त्याच्या हातात थापी येते. आमच्याकडं एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीवर परदेशातल्या एखाद्या पुलाचं चित्र लावलं की माणूस तज्ज्ञ होतो. चुकलं तर पोराचं वर्ष जातं. आपलं काय जातं? आपण पुढची फाईल उघडतो. यात मी स्वतःला धरूनच बोलतोय.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावरची सगळ्यात अवघड फाईल होती अनुजाची. आजऱ्याजवळच्या गावातली पोरगी, बी.एस्सी. झालेली. ऑस्ट्रेलियात अन्नप्रक्रियेच्या पदव्युत्तर कोर्सला तिला प्रवेश मिळाला होता, पण व्हिसा एकदा नाकारला गेला होता. कारण एका ओळीचं: डिग्रीनंतरची दोन वर्षं अर्जदारानं काय केलं याचा खुलासा नाही. आता दुसरा अर्ज. मंगळवारच्या आत व्हिसाचा अर्ज गेला तरच जागा धरून ठेवू, असं विद्यापीठानं लिहून कळवलं होतं. म्हणजे सोमवारी अर्ज गेला पाहिजे, आणि तोही धड गेला पाहिजे. पुन्हा नकार आला तर पोरीचं जाणं संपलं.

तिचे वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, पोरगीसुद्धा. महिन्यापूर्वी ते माझ्यासमोर बसून म्हणाले होते, “दोन वर्सं पोरगी कोल्हापुरात कम्प्युटर शिकत हुती. तसं लिव्हा.”

“सर्टिफिकेट आहे का?”

“ते तुमी बघा की. वकील कशाला केलाय मग?”

अनुजा शेजारी बसली होती, मांडीवर दोन्ही मुठी मिटून. मी तिला काही विचारलं नाही. न विचारणं हे आमच्या धंद्यातलं मोठं कौशल्य समजलं जातं. मी सर्टिफिकेट ‘बघितलं’, म्हणजे तिसऱ्या गल्लीत सम्राटकडं गेलो. सम्राटचा खाली कम्प्युटर क्लास आहे आणि वर व्हिसाचं ऑफिस. त्याच्याकडं पाहिजे त्या तारखेचं सर्टिफिकेट मिळतं, आपण फक्त तारीख सांगायची. दहा मिनिटांत अनुजा दोन वर्षांचा डिप्लोमा पहिल्या श्रेणीत पास झाली.

असा मी शनिवारी सकाळी साडेनऊला स्टेशन रोडवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. बेचाळीस जण होतो. टायरचं दुकान सांभाळून व्हिसा करणारे, मंगल कार्यालय सांभाळून व्हिसा करणारे, दोन-तीन खरे वकील, आणि पहिल्या रांगेत परफ्यूम मारून आलेला सम्राट.

शिकवायला वल्लरी मॅडम. मूळच्या गडहिंग्लजच्या, सोळा वर्षं मेलबर्नला व्हिसाची वकिली करून परत आलेल्या. इरकली साडी आणि पायात पळायचे बूट. नमस्कार-चमत्कार काही नाही. दिवे बंद केले आणि पडद्यावर एक पत्र दाखवलं. अर्जदार आपण का शिकायला चाललोय ते सांगतो, ते पत्र. नाव काळं केलेलं.

“लहानपणापासून मला या विषयाची विलक्षण ओढ होती,” मॅडमनी इंग्रजी पत्राचं मराठी करून वाचलं. “माझे वडील प्रगतशील शेतकरी असून आमची चार एकर ऊसशेती व आंब्याची बाग आहे. संध्याकाळी त्या बागेत बसून मी माझ्या भविष्याचा विचार करीत असे.”

मग दुसरं पत्र. तीच ओढ, तेच चार एकर, तीच बाग. तिसरं, चौथं. सातव्या पत्राला मागून कोणीतरी म्हणालं, “लई माणसं बसली बागेत.” हॉल हसला. मॅडम थांबल्या नाहीत. एकूण सतरा पत्रं, सगळी आपल्या जिल्ह्यातली. त्यातल्या एकाचे वडील एसटीत ड्रायव्हर, एकाचे तर वारलेले. दोघांनाही बाग होती.

“हे पहिल्यांदा कोणी लिहिलं?” मॅडमनी दिवे लावून विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ते पत्र माझं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी रात्र जागून ते लिहिलं होतं, आणि ह्या चोरांनी स्वल्पविरामासकट उचललं होतं. शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी उभा राहिलो.

“मी लिहिलंय. बाकी सगळ्यांनी ढापलंय.”

“चांगलं लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “कुणासाठी?”

“गडहिंग्लजचाच पोरगा होता. माझी पहिली फाईल.”

“त्याच्या वडिलांची बाग होती?”

“होती. मी बघून आलतो. पायरी आंबा.”

“मिळाला व्हिसा?”

“पहिल्या झटक्यात.”

“मिळणारच. त्याची गोष्ट होती ती.” मॅडमनी चष्मा काढला. “मग त्याच्या बापाची बाग सगळ्या जिल्ह्याला का वाटली?”

“मी नाही वाटली, ह्यांनी—”

“तुम्ही स्वतः नंतर किती जणांना दिली?”

मी बसलो. सम्राट मागं वळून म्हणाला, “भावा, सातबारा तुझ्याच नावावर निघाला की.”

दुपारच्या चहाला एक्केचाळीस माणसं मला आंब्याचा भाव विचारून गेली. वरून मॅडमनी रविवारचा गृहपाठ दिला होता: प्रत्येकानं चालू असलेली एक फाईल आणायची, आणि जमल्यास अर्जदार व घरचं माणूसही. तयारीचा इंटरव्ह्यू होईल.

संध्याकाळी ऑफिसात आलो तेव्हा प्रियदर्शनी कुलूप लावत होती. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे मला खटकलं.

“दादा, अनुजाच्या फायलीत पण बाग हाय.”

“आण्णांना बाग कुठाय? त्यांच्या दारात शेवग्याचं एक झाड आहे.”

“मला काय म्हाईत? तुमी म्हणाला नेहमीचं टाक. मी नेहमीचं टाकलं.”

मी आण्णांना फोन लावला. उद्या पोरीला घेऊन या म्हटलं. पलीकडं क्यानांचा खडखडाट. “उद्या फॅट काढायचं मशीन दुरुस्त करायला माणूस येणार हाय,” ते ओरडले. मग म्हणाले, “बरं, येतो. जेवण हाय न्हवं?”

रविवारी वल्लरी मॅडमनी हॉलच्या मधोमध एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. म्हणाल्या, “आज उलटं करायचं. ज्याची फाईल, त्या एजंटनं अर्जदार व्हायचं. व्हिसाचा अधिकारी होणार अर्जदाराच्या घरचं माणूस. खरा अर्जदार गप्प बसून ऐकणार. तुम्ही लोकांना काय बोलायला लावता ते एकदा स्वतःच्या तोंडानं बोलून बघा.”

पहिला सम्राट गेला. त्याच्या अर्जदाराची आई, बायडाबाई, अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसली आणि सम्राटकडं बघून म्हणाली, “किती वाळलास रं. जेवलास का?” पुढं तिनं एकही प्रश्न विचारला नाही, सरळ पास केलं. सम्राटनं टाळ्या घेतल्या. अधिकारी असे असते तर मीही आज जगभर फिरत असतो.

मग आमचा नंबर. आण्णा उठले. टोपी सारखी केली, चष्मा चढवला, खुर्ची थोडी मागं ओढून बसले. मी समोर अनुजा होऊन बसलो. वजन ब्याण्णव किलो, मिशा आहेत. पोरं मोबाईलवर शूटिंग घ्यायला लागली.

“नाव?” आण्णांनी विचारलं.

“अनुजा.”

“बापाचं नाव?”

मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली, जसं काही तो माणूस त्यांच्या ऐकण्यात आहे. मग बोटाला थुंकी लावून फाईल उलटायला लागले. एकेक पान. हॉलला गंमत वाटत होती. मला वाटेनाशी झाली. हा माणूस वीस वर्षं रोज दोन वेळा दीडशे लोकांचं दूध तपासतो. दुधात पाणी किती आणि घालणारा कोण हे त्याला मशीनच्या आधी कळतं. हे माझ्या लक्षात आधीच यायला पाहिजे होतं.

“ही आंब्याची बाग कुठं हाय?”

“गावात.”

“गावात कुठं?”

“ओढ्याच्या पलीकडं.”

“पलीकडं मसणवाटा हाय,” आण्णा म्हणाले आणि पान उलटलं. हॉल फुटला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “ह्ये सर्टिफिकिट. क्लास कुठं केला?”

“कोल्हापुरात. राजारामपुरीत.”

“रोज यायचीस?”

“रोज.”

“कशी?”

“एसटीनं.”

“कितीची?”

“सकाळी साडेसातची.”

“ती हितं कवा पोचती?”

“साडेदहापर्यंत.”

“आणि हितं लिव्हलंय क्लास आठ ते धा.” आण्णांनी कागद माझ्यासमोर सरकवला. “म्हंजे रोज क्लास सुटल्यावर अर्ध्या तासानं पोचायचीस. हुशार हाईस.”

सम्राट पहिल्या रांगेत बुटाची लेस बांधायला खाली वाकला. मी म्हटलं, “कधी कधी इथंच राहायचे. मावशीकडं.”

“मावशी? अगं, मला मेव्हणीच न्हाय.”

“अधिकाऱ्यांची मेव्हणी सोडा,” मॅडम बाजूनं म्हणाल्या. “कुटुंबाच्या कागदात मावशी आहे का ते बघा.”

आण्णांनी बघितलं. “न्हाय.” मग त्यांनी फाईल मिटली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकली. आवाज खाली आणला. “हे बघ पोरी. पाणी घातलेल्या दुधाचा क्यान ठेवताना माणूस माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. तू मगाधरनं टेबलाकडं बघून बोलतीयास. खरं सांग, दोन वर्सं कुठं हुतीस?”

मला खरंच माहीत नव्हतं. ज्या पोरीची फाईल मी दुसऱ्यांदा पाठवणार होतो, ती दोन वर्षं कुठं होती हे तिच्या वकिलाला माहीत नव्हतं, आणि एक्केचाळीस माणसं, त्यांचे अर्जदार आणि अर्जदारांच्या आया ते बघत होत्या.

“बोल की,” आण्णा म्हणाले. ते आता पुरते अधिकारी झाले होते. पकडलेला माणूस ते सोडत नाहीत.

“काजूत हुते.”

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. अनुजा उभी होती.

आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे बघवत नव्हता. ते अर्धवट उठले, तसा मॅडमनी हात केला. “बसा साहेब. तुम्ही विचारलंत, उत्तर आलं. आता पुढचा प्रश्न विचारा.”

“पुढचा कसला?”

“अधिकारी पुढं काय विचारेल?”

अनुजा येऊन माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली. मी उठलो, ती बसली. आण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग तिच्याकडं न बघता विचारलं, “काजूत म्हंजे... काय करत हुतीस?”

“आजऱ्याच्या काजू कारखान्यात. पयले सहा म्हयनं फोडायला हुते. मग वाफेवर.” तिनं मुठी उघडून हात टेबलावर ठेवले. बोटांची टोकं टरफलाच्या चिकानं काळी पडलेली, दोन ठिकाणी कातडं सोललेलं. महिनाभर माझ्यासमोर ती हेच मिटून बसत होती. “कच्चा काजू वाफवायचा, मग फोडायचा, मग भट्टीत वाळवून साल काढायची. फोडताना गर अख्खा निघाला तर भाव. फुटला की पाकळी, त्याला निम्मा भाव.”

“ते म्हाईत हाय,” आण्णा म्हणाले. मग प्रश्न विचारायचाय हे आठवलं असावं. “किती फुटायचा?”

“शंभरातला पस्तीस.”

“पस्तीस?” त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “लई झाला.”

“लईच. वाफेतनं काढला की गरम गरम फोडायला घ्यायच्या बायका. मी मालकीणबाईंना म्हटलं, एक रात पसरून ठिवू. त्या न्हाय म्हणाल्या, मग एक पोतं दिलं करून बघायला. त्यातला वीस फुटला. मग मी वही घातली. किती येळ वाफ, किती तास पसरला, हवा कशी हुती, किती फुटला. पावसाळ्यात दोन राती ठिवायला लागतो. आता अठरावर आलाय.”

“वहीत तारखा हाईत?”

“रोजच्या.”

“सकाळ-सांज येगळं लिव्हलंयस?”

“येगळं.”

आण्णा पुढं वाकले होते. आपण कुठं बसलोय हे ते विसरले. दुधाचे आकडे रोज सकाळ-संध्याकाळ वेगळे लिहिणारा माणूस तो. “आणि मला का न्हाय दावलीस वही?”

“तुमी इचारलंच न्हाईसा.”

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “हा प्रश्न अधिकाऱ्याचा नाही, बापाचा आहे. तो बाहेर जाऊन विचारा. इथं एकच राहिलाय: परदेशी कशाला?”

आण्णांनी तो विचारला. अनुजा म्हणाली, “वाफ किती झाली ते मला वासावरनं कळतंय. पण मी एका दिवशी नसले की पुन्हा पस्तीस. ते वासावर न ठेवता यंत्रावर कसं आणायचं ते शिकायचं हाय. आणि शिकून परत यायला लागंल, कारण वही हितल्या काजूची हाय.”

मंगल कार्यालयवाला शेजारच्याला हळूच म्हणाला, “ही खरी फाईल,” आणि शेजारच्यानं आपली फाईल मांडीखाली सारली.

बाहेर व्हरांड्यात मात्र जुंपली. आण्णांनी मलाच धरलं.

“गावात दोन वर्सं मी कम्प्युटर सांगितलंय. पाव्हण्यारावळ्यांत सांगितलंय. सचिवाची पोरगी काजू फोडती म्हटल्यावर सोयरीक कोण करंल?”

मी फटकळ माणूस आहे, आणि दोन दिवसांचं साचलं होतं. “आण्णा, लग्नात काजूकतलीचे बॉक्स वाटलेले चालतात तुम्हाला. वाटताना छाती फुगते. ती फोडणारी घरात निघाली की लाज वाटते. दोन वर्षं पोरगी चिकानं हात जाळून घेत होती आणि तुम्ही तिला कम्प्युटरवर बसवलं. फाईल मी खोटी केली नाही, तुम्ही तयारच आणून दिली. मी फक्त शिक्का मारला.”

“शिक्का इकत आणलासा,” आण्णा म्हणाले. “तुमी मला शिकवू नगा वकीलसायेब.”

हे बरोबर होतं. अनुजा भिंतीला टेकून आम्हा दोघांकडं बघत होती, म्हशी भांडताना माणूस बघतो तशी.

तेवढ्यात सम्राट आला. हातात आइस्क्रीमची वाटी. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “दादा, मनाला लावून घेऊ नको. बसची वेळ तेवढी चुकली. मी क्लासची वेळ अकरा ते एक करून नवीन देतो, उद्या सकाळी घेऊन जा. आजवर दोनशे गेलीत माझी, एक परत आलं न्हाय.”

आण्णांनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं. “सर्टिफिकिट देणारा तूच व्हय?”

“व्हय आण्णा. तुमच्यासाठी पैसं पण घेणार न्हाय.”

“मी किती शिकलोय म्हाईत हाय? धावी. तेबी दोनदा बसून. मी तुझं सर्टिफिकिट पाच मिनटात धरलं. तितला सायेब किती मिनटात धरंल?”

“तिथं एवढं कोण बघतंय?”

“दुधात पाणी घालणारा असंच म्हणतो.” आण्णांनी माझ्या काखेतली फाईल ओढून घेतली, सर्टिफिकेट काढलं, नीट घडी घातली आणि सम्राटच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. “तुझ्या पोराला लाव. त्याला कामाला यील.” मग पोरीकडं वळले. “वही कुठाय?”

“घरात. पेटीत.”

“उद्या घिऊन ये.” आणि जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले. “आणि जेवलो न्हाय अजून आपण.” परत वर आले.

शेवटी मॅडमनी सगळ्यांना प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं वाटली. माझ्या हातात देताना म्हणाल्या, “तारीख तपासून घ्या.” मी तपासली. बरोबर होती.

सोमवारी सकाळी अनुजा माझ्या ऑफिसात अकराला हजर. सोबत वही, मालकीणबाईंच्या सहीचं पत्र आणि दोन वर्षांचं हजेरीपत्रक. प्रियदर्शनीनं तिला माझी खुर्ची दिली आणि मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, जिथं गिऱ्हाईक बसतं. तीन तास दोघी कुजबुजत होत्या. मला राहवेना. आत डोकं घालून म्हटलं, “सुरुवात जरा उठावदार कर. लहानपणापासून—”

“लहानपणी मला काजूचा वास आवडायचा न्हाय,” अनुजा म्हणाली. “उलटी व्हायची.”

“तेच लिव्ह,” प्रियदर्शनी म्हणाली. “दादा, तुमी बाहेर बसा बघू.”

तिनं तेच लिहिलं. इंग्रजी साधं होतं, दोन ठिकाणी अडखळत होतं. माझी बोटं शिवशिवत होती, पण हात लावला नाही.

दुपारी आण्णा सहीला आले. पत्राचं मराठी करून प्रियदर्शनीनं त्यांना वाचून दाखवलं. एका शब्दावर त्यांनी तिला थांबवलं.

“कामगार? सुपरवायझर लिव्हलं तर?”

“कामगार,” अनुजा म्हणाली.

“वाफेवर तूच बघत हुतीस की सगळं. म्हंजे सुपरवायझरच की गं.”

“आण्णा, हजेरीपत्रकात कामगार हाय.”

त्यांनी हजेरीपत्रक मागवलं. बघितलं. दोन वर्षांत पोरीचे किती खाडे आहेत ते मोजलं. अकरा निघाले. “माझ्या संस्थेतला कारकून म्हयन्याला अकरा खाडं करतो,” असं स्वतःशीच म्हणाले आणि जिथं जिथं प्रियदर्शनीनं पेन्सिलीनं फुली मारली होती तिथं तिथं सही केली. चार वाजता अर्ज गेला. व्हिसा मिळेल की नाही हे मला सांगता येत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाला तसं सरळ सांगितलं. आण्णा म्हणाले, “असूं द्या. पाणी न्हाय घातलेलं.”

त्यानंतरचे पाच आठवडे सांगण्यासारखे नाहीत. इतर नऊ फायलींतून आम्ही बाग काढली. बाग काढल्यावर काही फायलींत काहीच उरेना, मग त्या पोरांना बोलावून विचारलं की बाबांनो, तुम्ही आहात तरी कोण. एकजण हलगी वाजवणारा निघाला. एकीनं आजोबांचं दुकान तीन वर्षं एकटीनं चालवलं होतं आणि घरच्यांनी ते ‘घरीच असते’ म्हणून लिहायला लावलं होतं. दोन पोरांना आपण कशाला चाललोय तेच माहीत नव्हतं. त्यांना मी घरी पाठवलं. त्यांच्या बापांनी मला शिव्या दिल्या आणि पोरांना सम्राटकडं नेलं. जावोत.

मग एका बुधवारी दुपारी मेल आली. प्रियदर्शनीनं वाचली, परत वाचली, मग लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. व्हिसा मिळाला होता.

मी लगेच अनुजाला फोन लावला. पलीकडं भट्टीचा नुसता घरघराट. अर्ज गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती परत कामावर जायला लागली होती, हे मला आण्णांकडून कळलं होतं.

“अनुजा, मी उदयसिंह बोलतोय. ऐक, मेल आली—”

“सर, थांबा जरा,” ती ओरडली. “वाफ सोडलीया. ठिवू नका फोन.”

आणि फोन कुठंतरी पोत्यावर ठेवला. मी कानाला लावून उभा. पलीकडून बायकांचे आवाज येत होते. एक म्हणाली, “कुणाचा गं?” दुसरी म्हणाली, “तिच्या वकिलाचा असंल.” “मग बोल की तूच.” “मी काय बोलू त्याला?” “इचार मिळाला का.”

कोणीतरी फोन उचलला. “हॅलो. वकील का? मी शालूबाई. अनू आकडं लिव्हाय गेलीया वहीत, आत्ता यील. मिळाला का वो?”

“मिळाला,” मी म्हटलं.

“मिळाला गं,” ती आत बघून ओरडली, आणि पलीकडं एवढा गलका झाला की मी फोन कानापासून लांब धरला. त्या गलक्यातून अनुजाचा आवाज आला, दुरून, जरा वैतागलेला:

“शालूकाकी, गप बसा की एक मिनीट, आकडा चुकंल माझा.”